गाठ, सावली आणि सुई

स्तनाच्या कर्करोगासाठी सगळ्यात चांगली तपासणी कोणती, असं कुणी विचारलं की जाणता डॉक्टर आधी उलटतपासणी घेतो. बाईचं वय काय? पाळी चालू आहे का? हाताला गाठ लागलीय, की त्रास काहीच नाही आणि नुसती खात्री करून घ्यायचीय? आईला, मावशीला, बहिणीला हा आजार झाला होता का? शहरातल्या डॉक्टरचे प्रश्न इथे संपतात. महाड-पोलादपूरकडच्या डॉक्टरला आणखी एक विचारावा लागतो: रिपोर्टात काही निघालं, तर पुढे न्यायला कोण आहे?

या शेवटच्या प्रश्नाला वैद्यकाच्या पुस्तकात जागा नसते, पण आपल्या विषयात तो अर्धा वाटा उचलतो. पोलादपूर तालुका महाबळेश्वरच्या पायथ्याशी, सावित्रीच्या खोऱ्यात वसलेला. वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या, घरटी एकजण मुंबईला. पोलादपूरला रेल्वे नाही. महाडकरांना गाडी पकडायची तर वीरला जावं लागतं. परळचं टाटा रुग्णालय महाडपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. टाटाचंच खारघरचं केंद्र खरं तर रायगड जिल्ह्यातच येतं, पण जिल्हा एक असला तरी रस्ता काही आखूड होत नाही. जिल्ह्याचं सिव्हिल अलिबागला, म्हणजे मुंबईची वाट सोडून समुद्राकडे. दक्षिणेला जायचं तर कशेडी घाट, पुण्याला जायचं तर वरंध घाट, आणि वरंध पावसाळ्यात किती दिवस उघडा राहील ते पाऊस ठरवणार. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेला. 22 जुलै 2021 ला महाड शहर पाण्याखाली होतं आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. असल्या मुलखात ‘दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला या’ या वाक्याचा अर्थ दादरपेक्षा वेगळा होतो.

आता यंत्रांकडे वळू.

मॅमोग्राफी ही सगळ्यात जुनी. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. त्यानंतर अठरा वर्षांनी, 1913 मध्ये, बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचे क्ष-किरण फोटो काढले आणि कर्करोगाच्या जागी चुन्याचे बारीक ठिपके दिसतात हे त्यांच्या लक्षात आलं. जिवंत बाईचा असा फोटो खात्रीने काढता यायला आणखी बराच काळ लागला. उरुग्वेच्या राऊल लेबोर्न यांनी स्तन दाबून फोटो काढायचं महत्त्व 1949 च्या सुमारास मांडलं, ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी 1960 मध्ये फोटो काढायची पद्धत पक्की केली आणि त्याच दशकात फ्रान्समध्ये केवळ स्तनासाठीचं वेगळं यंत्र तयार झालं.

दाबणं हा या तपासणीचा बदनाम भाग. दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही सेकंद घट्ट धरला जातो. दुखतं, हे खरं. ‘अजिबात दुखत नाही’ असं सांगणारे शिबिराचे कार्यकर्ते स्वतःचंच नुकसान करतात, कारण पहिली बाई बाहेर येऊन खरं सांगते आणि रांग पातळ होते. दाबण्याला कारण आहे. स्तन सपाट झाला की आतले थर एकमेकांवरून सरकून सुटे दिसतात, फोटो हलत नाही आणि किरणांची मात्राही कमी लागते. एका तपासणीत दोन्ही बाजूंचे मिळून चार फोटो निघतात आणि त्यात जेवढे किरण अंगात जातात, साधारण तेवढेच जमिनीतून आणि आकाशातून सात-आठ आठवड्यांत आपोआप जातात. किरणांची भीती बाळगून तपासणी टाळावी, एवढी ती मात्रा नाही.

मॅमोग्राफीचं मोठं बळ म्हणजे तेच सालोमनचे ठिपके. मिलिमीटरच्या अंशाएवढे चुन्याचे कण ती दाखवते. गाठ हाताला लागण्याच्या कितीतरी आधी, रोग दुधाच्या नळीतच असताना, काही वेळा एवढाच पुरावा असतो. सोनोग्राफीला हे कण सहसा दिसत नाहीत, एमआरआयला तर नाहीतच.

तिचा दुबळेपणाही त्याच सावलीत आहे. क्ष-किरणांत चरबी काळी उमटते, दुधाच्या ग्रंथी आणि तंतू पांढरे, आणि गाठही पांढरीच. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या स्तनात चरबीचा भाग वाढलेला असतो; काळ्यावर पांढरं चटकन कळतं. तरुण बाईचा स्तन दाट असतो. त्यात गाठ शोधणं म्हणजे ऐन श्रावणात आंबेनळी घाटातल्या धुक्यात समोरून येणारी पांढरी गाडी ओळखणं. भारतात या आजाराच्या बायका पाश्चात्त्य देशांतल्यांपेक्षा सरासरीने सुमारे दहा वर्षांनी लहान असतात, चाळिशी-पन्नाशीतल्या. म्हणजे जिथे यंत्र अडखळतं त्याच वयात आपल्याकडे त्याची गरज जास्त. अमेरिकेत आणि कॅनडात मिळून सुमारे 49 हजार बायकांवर झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की पन्नाशीच्या आतल्या आणि दाट स्तनांच्या बायकांमध्ये फिल्मपेक्षा डिजिटल मॅमोग्राफी सरस ठरते. बाकीच्यांमध्ये फरक पडला नाही. पुढे थर-थर वेगळे दाखवणारी टोमोसिंथेसिस आली. अमेरिकेने तिला 2011 मध्ये परवानगी दिली. धुकं विरळ झालं, गेलं नाही.

सोनोग्राफीची गोष्ट निराळी. जॉन वाइल्ड आणि जॉन रीड यांनी 1950 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच अमेरिकेत ध्वनिलहरींनी स्तनातल्या गाठी पाहून दाखवल्या होत्या. किरण नाहीत, दाबणं नाही, आणि दाट स्तन तिला फारसा आड येत नाही. तिचं मुख्य काम अगदी साधं: गाठ पाण्याची आहे की भरीव? पाण्याची साधी गाठ असेल तर बाई त्याच दिवशी निर्धास्त घरी. भरीव असेल तर तिची कड गुळगुळीत आहे की दातेरी, ती आडवी पसरलीय की उभी वाढलीय, यावरून डॉक्टर अंदाज बांधतो. तिशीच्या आतल्या मुलीच्या गाठीसाठी पहिली तपासणी सोनोग्राफीच. चाळिशीच्या पुढे मॅमोग्राफी आणि जोडीला सोनोग्राफी.

जपानमध्ये चाळिशीतल्या सुमारे 73 हजार बायकांची एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना नुसती मॅमोग्राफी, निम्म्यांना दोन्ही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नुसत्या मॅमोग्राफीने 77 टक्के कर्करोग पकडले आणि दोन्ही मिळून 91 टक्के. उगाच घाबरवलेल्या निरोगी बायकांची संख्याही मात्र वाढली. हे एवढं लक्षात ठेवा. हिशेब पुढे मांडायचा आहे.

हे वाचून कुणालाही वाटेल, की मग सोनोग्राफीचं लहान यंत्र पाठीला लावून वाडीवाडीत का जाऊ नये? तांत्रिकदृष्ट्या सहज जमेल. आपल्याकडे कायदा आड येतो, आणि तो विनाकारण आलेला नाही. गर्भलिंग तपासून मुली पाडण्याच्या धंद्याविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. केंद्राचा 1994 चा. या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंद जागेसह होते, हातात धरून फिरवायच्या यंत्रावर कडक बंधनं आहेत आणि ते चालवणाराही नोंदणीकृत लागतो. यंत्र स्तन पाहतंय की गर्भ, हे कायद्याला बाहेरून कळत नाही. त्यामुळे न जन्मलेल्या मुलींना वाचवायला घातलेलं कुंपण त्यांच्या आयांच्या तपासणीलाही वळसा घालायला लावतं. कुंपण काढून टाका असं मी म्हणणार नाही. नोंदणीकृत फिरत्या दवाखान्याची वाट कायद्यातच ठेवलेली आहे. ती खर्चाची आहे, इतकंच.

एमआरआय सगळ्यात तीक्ष्ण. बाईला पालथं झोपवतात, शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात, आणि जिथे नव्या रक्तवाहिन्या फुटल्या आहेत ती जागा उजळते. ज्यांच्या घराण्यात बीआरसीए जनुकातला दोष आहे अशा तरुण बायकांसाठी तिला तोड नाही. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत अतिशय दाट स्तनांच्या चाळीस हजारांवर बायका होत्या. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अचानक उद्भवणाऱ्या कर्करोगांचं प्रमाण, ज्यांना जादा एमआरआय देऊ केली त्यांच्यात हजारी अडीच होतं आणि इतरांत हजारी पाच. फरक मोठा आहे. पण एमआरआय इतकं काही दाखवते की त्यातलं बरंचसं निरुपद्रवी निघतं. खर्चही मॅमोग्राफीच्या काही पट.

एमआरआयचा विषय निघाला की महाडची एक गोष्ट सांगावीच लागते. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले आणि पुढे महाडमध्येच स्थिरावले. रात्र रात्र रुग्णाजवळ बसून, नाडी आणि छाती तपासत त्यांनी विंचवाच्या विषाचा माग काढला आणि तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. याच डॉक्टरांनी एका रुग्णाला एमआरआयसाठी पुण्याला पाठवलं, तर तपासणी केंद्राकडून त्यांच्या नावाने बाराशे रुपयांचा धनादेश आला. रुग्ण पाठवल्याचं बक्षीस. त्यांनी तो परत केला, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे 2013 मध्ये तक्रार केली, आणि कट प्रॅक्टिस हा डॉक्टरांच्या कुजबुजीचा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. तो रुग्ण स्तनाचा नव्हता, पण धडा आपल्याही कामाचा. यंत्रांच्या तुलनेत संवेदनशीलता, किंमत, किरण हे सगळं मोजलं जातं. चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या खिशात काय जातं याचा रकाना कोणत्याच तक्त्यात नसतो. गाठीची बाई महाडहून पनवेलला किंवा पुण्याला जाते तेव्हा तिच्या हातातल्या चिठ्ठीवरची तपासणी तिच्या वयामुळे लिहिली गेली की दुसऱ्या कशामुळे, हे तिला कळायला मार्ग नाही. विचारायचा हक्क मात्र आहे.

थर्मोग्राफीला एक परिच्छेद पुरे. गाठीजवळचा भाग किंचित गरम असतो, तो अवरक्त कॅमेऱ्याने टिपायचा, ही कल्पना 1956 ची, मॉन्ट्रियलच्या रे लॉसन यांची. स्पर्श नाही, किरण नाहीत, वेदना नाहीत, म्हणून शिबिरांत ती खपते. आता तिला संगणकी बुद्धिमत्तेची जोड देऊन भारतातही प्रयोग चालू आहेत, ते होऊ देत. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार बजावलं आहे, की मॅमोग्राफीच्या जागी थर्मोग्राफी चालणार नाही. शिबिरात ‘नॉर्मल’ शिक्का मिळालेली बाई हाताला लागणारी गाठ घेऊन वर्षभर स्वस्थ बसली, तर तो शिक्का तिच्या जिवावर उठतो. पेट-सीटीही घाईने मागू नये. रोग पक्का झाल्यावर तो कुठवर पसरला हे पाहायला ती आहे.

आता हिशेब.

समजा, महाड-पोलादपूरच्या दहा हजार धडधाकट बायका तपासल्या. त्यांच्यात दहाजणींना कर्करोग आहे असं धरू. यंत्र शंभरातले ऐंशी कर्करोग पकडतं आणि शंभर निरोगी बायकांपैकी नव्वद जणींना बरोबर ‘ठीक’ म्हणतं. हे आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण वास्तवापासून फार लांबचे नाहीत. काय होईल? आठजणी सापडतील, दोघी सुटतील. आणि उरलेल्या 9,990 निरोगी बायकांपैकी 999 जणींना सांगितलं जाईल, की काहीतरी दिसतंय, पुढची तपासणी करा. आठजणींसाठी हजारभर घरांची झोप उडेल. प्रत्येकीसोबत एक माणूस, दोघांची एसटी, बुडालेली मजुरी, मुंबईत दिराच्या खोलीवर मुक्काम. त्यातल्या बऱ्याचजणी जाणारच नाहीत, आणि त्या न जाणाऱ्यांत आठांपैकी कुणी असेल तर सगळी मेहनत पाण्यात.

तेच यंत्र आता दुसरीकडे लावा. ज्यांच्या हाताला गाठ लागलीय, अशाच शंभर बायका घ्या, आणि त्यांतल्या दहाजणींना कर्करोग आहे असं धरा. आठ सापडतील, आणि खोटी घंटा फक्त नऊजणींसाठी वाजेल. यंत्राची अचूकता तसूभरही बदललेली नाही. बदललं ते एवढंच, की ते कुणापुढे ठेवलं. पद्धतींची तुलना करणारे लेख मला बहुतेक वेळा अपुरे वाटतात ते यासाठी: धावपट्टी न पाहता धावणाऱ्यांचे क्रमांक लावलेले असतात.

श्रीमंत देशांतही हा हिशेब सुटलेला नाही. ब्रिटनमध्ये 1988 पासून पन्नाशीपुढच्या बायकांना, आता सत्तरीपर्यंत, दर तीन वर्षांनी मॅमोग्राफीचं बोलावणं जातं. तिथल्या स्वतंत्र समितीने 2012 मध्ये मांडलेला अंदाज असा: दहा हजार बायकांना वीस वर्षं बोलावलं तर 43 मृत्यू टळतात, आणि 129 जणींना असा कर्करोग सापडतो जो एरवी आयुष्यभर त्रास देता ना. त्यांच्यावर मात्र शस्त्रक्रिया होते, किरणोपचार होतात. कॅनडातल्या पंचवीस वर्षांच्या अभ्यासात तर हाताने नीट तपासलेल्या पन्नाशीतल्या बायकांना वर मॅमोग्राफी देऊन मृत्यू कमी झाले नाहीत. त्या अभ्यासावर टीका पुष्कळ झाली, वाद अजून धगधगतो आहे.

हाताच्या तपासणीचं सगळ्यात मोठं उत्तर आलं ते मुंबईतून. टाटा रुग्णालयाने 1998 मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 35 ते 64 वयाच्या दीड लाखावर बायकांची चाचणी सुरू केली. प्रमुख होते डॉ. इंद्रनील मित्रा. वीस वस्त्यांपैकी दहांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, नुसत्या हाताने स्तन तपासले; उरलेल्या दहांत माहिती दिली आणि नजर ठेवली. वीस वर्षं. निष्कर्ष 2021 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. तपासलेल्या वस्त्यांत पुढच्या पायरीवर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडणारे कर्करोग 37 टक्के होते, इतरत्र 47. सगळ्या बायका धरल्या तर मृत्यूंतली घट 15 टक्के होती, पण ती योगायोगाचीही असू शकेल इतकी अंधूक. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मात्र मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत फायदा दिसला नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण हाताच्या तपासणीचे भक्तही आता तयार झाले आहेत.

या एका अभ्यासाने महाड-पोलादपूरसाठीचा क्रम बराचसा ठरवून टाकला आहे, असं मला वाटतं. धडधाकट बाईसाठी मॅमोग्राफीची गाडी घाटातून चढवण्याआधी उपकेंद्रातल्या सिस्टरचा हात तयार हवा. सरकारी कार्यक्रमात तिशीच्या पुढच्या बाईचे स्तन पाच वर्षांतून एकदा तपासायचे आहेतच. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या शंभरात एकीहूनही कमी. गाठ असलेल्या प्रत्येकीला सोनोग्राफी, आणि चाळिशीच्या पुढे मॅमोग्राफीसुद्धा, शक्यतो एकाच फेरीत आणि एकाच गावी व्हावी. शिबिर ठेवायचंच तर भातकापणी आटोपल्यावर ठेवावं. आवणीच्या दिवसांत बाई स्वतःच्या गाठीसाठी शेत सोडणार नाही, आणि त्यात तिची चूक काय? दूरच्या हॉस्पिटलांत फोटो वाचायला तज्ज्ञ मिळत नाहीत, तिथे संगणकी बुद्धिमत्ता कामाची ठरेल. स्वीडनमधल्या ऐंशी हजार बायकांच्या चाचणीत तिने फोटो वाचणाऱ्यांचं काम 44 टक्क्यांनी हलकं केलं. फोटो तारेवरून पाठवता येतो. बाईला नाही.

कारण शेवटी फोटोने कर्करोग सिद्ध होत नाही. मॅमोग्राफीच्या रिपोर्टावर 0 ते 6 असा एक आकडा असतो, बायरॅड्स नावाचा. त्यातल्या 4 आणि 5 चा अर्थ ‘सुई घाला’ इतकाच. 0 म्हणजे शून्य धोका नव्हे, ‘अजून फोटो हवेत’. हा आकडा पाहून पेढे वाटलेली घरं आहेत. खरं उत्तर जाड सुईने काढलेल्या तुकड्यात असतं, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे. उलटही खरं: हाताला लागणारी संशयास्पद गाठ असताना फोटो स्वच्छ आला तरी सुई टळत नाही, कारण दहातले एक-दोन कर्करोग फोटो हमखास चुकवतो.

आणि सुईआधी चाकू नको. छोट्या दवाखान्यात ‘साधीच गाठ आहे’ म्हणून ती भूल देऊन काढली जाते, कधी तपासायलाही पाठवली जात नाही, आणि सहा महिन्यांनी त्याच जागी पुन्हा उठल्यावर बाईला टाटाला नेतात. तिथे पहिला प्रश्न येतो, काढलेल्या गाठीचे ब्लॉक कुठे आहेत? मेणात बसवलेला तो तुकडा आणि काचेच्या स्लाइड ही बाईचीच मालमत्ता. मागितली की लॅबने द्यायची असते. सोबत मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि जुनी तपासणी झाली असेल तर तिचे फोटो, कारण गेल्या खेपेला नसलेला डाग या खेपेला दिसणं हाच कधी कधी सगळ्यात बोलका पुरावा असतो. हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून. पुरात महाडच्या कितीतरी घरांतली कागदपत्रं भिजली, तेव्हा एक प्रत मुंबईच्या नातेवाइकाकडे ठेवलेली बरी.